कागदावरची तिसरी काडी

सन १९७९. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. हे शाळेच्या दाखल्यावरून. आई म्हणायची, त्यात दोन मिळव, मास्तरनं अंदाजानं लिहिलंय. शाळा चौथीपर्यंत. परीक्षा दिली नाही, पण पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. कुणी कागद पुढं केला तर मी तो स्वतः वाचतो, दुसऱ्याकडून वाचून घेत नाही. वेळ लागतो. लागू दे. हेही मीच लिहितोय.

त्या साली माघात माझा थोरला भाऊ गेला. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात, खिडकीकडच्या खाटेवर. चव्वेचाळीस वर्षांचा. आमचा बाप गेला तेव्हा पंचेचाळीसचा होता आणि चुलता तर चाळिशीच्या आतच. तिघांचंही एकसारखं. पहिल्यांदा म्हणायचं, मूळव्याध आहे. उष्णता झाली, ताक प्या, सुरण खा. मग तांब्या घेऊन ओढ्याकडं जाणं वाढायचं. मग सदरा अंगावर नसून खुंटीला टांगलाय असा दिसायला लागायचा. मग पुढं फार दिवस नसायचे. मोशी गावात आमच्या घराबद्दल एक बोलणं होतं, तोंडावर कुणी बोलायचं नाही पण मला माहीत होतं: यांच्या दारात म्हातारा पुरुष बसलेला कुणी बघितला न्हाई. आज मी त्याच दारात बसून लिहितोय. त्याचा मला अभिमान वाटावा असं त्यात काही नाही, हे पुढं कळेल.

चुलत्यामागं कुणी राहिलं नव्हतं. थोरल्याला मूलबाळ झालं नाही.

मी बासष्ट सालापासून पिंपरीच्या बाजूला एका फौंड्रीत कामाला. सायकलनं मोशीहून भोसरी, भोसरीहून पुढं. हेल्पर म्हणून लागलो आणि सहा वर्षांत तपासणीला गेलो, मॅट्रिक झालेली पोरं मागं ठेवून. लोखंड वितळवून साच्यात ओततात, त्या एका वेळच्या ओतण्याला हीट म्हणतात. त्या हीटच्या प्रत्येक नगावर रंगानं एकच नंबर टाकायचा. माझं काम नग वाजवून बघायचं. छोट्या हातोडीनं ठोकलं की चांगला नग घंटेसारखा बोलतो, तडकलेला असेल तर मडक्यासारखा. आणि एक जरी नग मडक्यासारखा बोलला तरी त्या नंबरचे सगळे बाजूला काढायचे, दिसायला कितीही साजरे असोत. एकदा माल गाडीत भरून गेला होता, तो मी नाशिक फाट्यावरून परत आणवला. साहेब ओरडला, "अहो, एका नगासाठी सगळी गाडी?" मी म्हणालो, "साहेब, लोखंड एकच हाय." उघडला तर आणखी चार तडकलेले निघाले. ही गोष्ट मी घरी, पारावर, सोयऱ्याधायऱ्यांत किती वेळा सांगितली असेल त्याला मोजमाप नाही.

थोरल्याचा दहावा झाला आणि दवाखान्यातून पत्र आलं. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं होतं. बायको म्हणाली, "जाऊन या की, बोलावलंय तर."

"मला काय झालंय?"

"काय झालं न्हाई म्हणून तर जायचं."

मी गेलो. भीतीनं गेलो असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर त्याची गचांडी धरली असती.

बाई तिशीच्या असाव्यात, साधं पांढरं लुगडं, मनगटावर पुरुषी घड्याळ. टेबलावर त्यांनी एक मोठा कागद पसरला आणि पेन्सिलीनं काढायला लागल्या. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. जोडप्यामध्ये आडवी रेघ, आणि तिच्याखाली जितकी लेकरं तितक्या उभ्या काड्या. ज्याला रोग झाला त्याचा चौकोन त्या काळा करत होत्या. चुलता काळा. बाप काळा. थोरला काळा. सावकाश भरत होत्या, कोपरा न कोपरा. शेवटी माझा चौकोन काढला आणि तो पांढराच ठेवून पेन्सिल खाली ठेवली.

"हा शाप नाही आणि करणी नाही," त्या म्हणाल्या. "आतड्याच्या आतून बारीक बारीक गाठी येतात, मोड आलेल्या मटकीसारख्या. शंभर, दोनशे. तेरा-चौदाव्या वर्षापासून येतात, दुखत नाहीत. पुढं त्यातल्या एखादीचा कॅन्सर होतो. आणि हे रक्तातून उतरतं. आम्ही अशा घरांचा अभ्यास करतोय. घरातल्या प्रत्येकाला तपासायचं, गाठी असतील तर कॅन्सर व्हायच्या आधी आतड्याचा तेवढा भाग काढायचा, नसतील तर सोडून द्यायचं."

"समद्यांना उतरतं?"

"निम्म्यांना. बापाला असेल तर प्रत्येक लेकराला निम्मी निम्मी शक्यता. मुलगा असो की मुलगी."

मी विचारलं, आणि हे मी विचारलं हे मला लिहिलंच पाहिजे: "दिलेल्या मुलीला पण?"

बाई हसल्या. "लग्नाचा आणि आतड्याचा काय संबंध?"

मग त्यांनी तो कागद माझ्याकडं वळवला. "तुम्हाला बहिणी किती?"

इथं मला तेरा वर्षं मागं जावं लागतं.

मला एक बहीण आहे, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी धाकटी. बाप गेला तेव्हा ती सात वर्षांची. तिला मी वाढवली म्हटलं तर थोरल्याचा हक्क मारल्यासारखं होईल, पण तिच्या लग्नाची बोलणी मी केली. चाकणच्या पुढं आत तीन मैलांवर घर, विहीर, दोन बैलजोड्या, एकुलता एक मुलगा. सासरा नव्हता, सगळा कारभार त्याच्या आईच्या हातात. ती बाई आमच्या ओसरीवर बसली, पान लावून तोंडात घातलं आणि सरळ विचारलं, "पोरीचा बाप कशानं गेला? कोड, क्षय, येड, काय असंल तर आत्ताच सांगा. मागनं कळलं तर मी पोरगी उंबऱ्याबाहेर काढीन, मग रडू नका."

मी म्हणालो, "पटकीनं. साथ आली हुती गावात."

"भंडारा उचला."

देवघरातून आईनं खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी आणली. मी तिच्याकडं बघितलं नाही. वाटीत चिमूट घातली, कपाळाला लावली आणि म्हणालो, पटकीनं गेला. सुपारी फुटली. लग्न झालं. त्यांनी पोरीचं नावसुद्धा बदललं.

तर बाईंनी विचारलं, बहिणी किती. मी विचारलं, या कागदावरच्या माणसांचं पुढं काय करता? त्या म्हणाल्या, प्रत्येकाला पत्र जातं, आणि कुणी आलं नाही तर आमची जीप घरी जाते, समजावून सांगायला. ती जीप मला चाकणच्या पुढच्या त्या अंगणात थांबलेली दिसली. लुगड्याचा पदर खोचून विहीणबाई उभी. डॉक्टरीणबाई तिला समजावून सांगतायत की तुमच्या सुनेचा बाप कशानं मेला.

"बहीण न्हाई," मी म्हणालो.

"नक्की? सावत्र, चुलत, लग्न होऊन लांब गेलेली?"

"न्हाई म्हनलं ना बाई."

आता कुणी म्हणेल, हा नुसता खोटेपणा. नुसता नव्हता. मला खरंच वाटत होतं की तिचं काही बिघडायचं नाही. थोरला गेला तेव्हा आम्ही दहा दिवस सुतक पाळलं. तिनं सासरी तीन दिवस पाळलं आणि चौथ्या दिवशी न्हाऊन ती मोकळी झाली. तिचं कुळ बदललं, देवक बदललं, नाव बदललं, सुतक सुद्धा दहाचं तीन झालं. जे मरणाला कळतं ते रोगाला कळणार नाही? माझ्या डोक्यात हे पक्कं बसलं होतं. डॉक्टरीणबाई शिकलेल्या होत्या, पण आमच्या घरातलं त्यांना काय ठाऊक, असं मी म्हणालो. मनात.

मग मला तपासलं. कुशीवर निजवून मागून लोखंडी नळी घातली. ज्या माणसानं आयुष्यात डॉक्टरपुढं सदरा काढला नव्हता त्याचं काय झालं असेल ते वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरचे वार वाचत राहिलो, एक एक अक्षर लावून. शनिवारपर्यंत पोचलो तेव्हा बाई म्हणाल्या, "स्वच्छ आहे. एकही गाठ नाही. तुम्हाला नाही म्हणजे तुमच्या मुलांनाही नाही. हे मधली पिढी सोडून उडी मारत नाही."

कागदावर माझ्या चौकोनाखाली त्यांनी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, आणि हसून म्हणाल्या, "बहीण नाही, भावाला मूल नाही, चुलत्याचं कुणी नाही. म्हणजे तुमच्या घरातून हा रोग संपला म्हणायचा."

"संपला," मी म्हणालो. येताना सायकल अशी मारली की भोसरीच्या चढाला उतरलो नाही.

पंधरा दिवसांनी बाई घरी आल्या. कागद पक्का करायचा होता, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला भेटायचं होतं. ओसरीवर घोंगडी टाकली, तिच्यावर कागद पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर आईनं चार वाट्या उपड्या ठेवल्या. आई वाकून बघत होती.

"ह्यो काळा कोन?"

"तुमचे मालक, आजी."

"आन ह्यो बाजूचा गोल?"

"तुम्ही."

आईनं स्वतःच्या गोलावर बोट ठेवलं आणि ते खाली सरकवलं. एक काडी, थोरला. दुसरी काडी, मी. बोट आणखी पुढं कोऱ्या कागदावर गेलं आणि तिथं थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी वाट्या नीट करत होतो.

बाईंनी विचारलं, "आजी, तुम्हाला मुलं दोनच ना?"

आईनं बोट उचललं, पदराला पुसलं. "त्यो सांगतो तसंच," म्हणाली आणि चूल बघायला आत गेली. चूल पेटलेली नव्हती.

बाई नुसतं पाणी पिऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, दर दिवाळीला मी कार्ड पाठवीन, उलट टपाली खुशाली कळवा, आणि घरातलं कुणी राहून गेलं असं आठवलं तर तेही. जीप वळली तशी आई बाहेर आली.

"माझी एक काडी कमी केलीस."

"तिच्या भल्यासाठी केली."

"मी तीन बाळातपनं केली. कागदावर दोन."

"दिल्या घरची हाय ती, आई. आता तिचं आन आपलं काय?"

"व्हय," आई म्हणाली. "काय न्हाई. पोटात नऊ म्हैनं हुती येवढंच."

त्यानंतर आईनं हा विषय काढला नाही. मटकीची उसळ मात्र तिनं पुन्हा कधी केली नाही, आणि मीही मागितली नाही.

कार्डं आली. एकोणऐंशीच्या दिवाळीला एक, ऐंशीच्या दिवाळीला एक. दोन्हीला मी स्वतः उत्तर लिहिलं: सर्व खुशाल. दोन शब्द, पण अक्षर चांगलं काढलं. बहीण दोन्ही भाऊबिजांना आली. पहिल्या वर्षी दोन पोरींना घेऊन आली, खिदळत होती. दुसऱ्या वर्षी आली तेव्हा दुपारी भिंतीला टेकून बसायची. बायकोनं विचारलं तर म्हणाली, "कांदा काढणीनं कंबर धरलीय." खरंच वाटलं. कांदा काढून कंबर धरतेच.

त्या दोन वर्षांत काय काय करता आलं असतं हे डॉक्टरीणबाईंनी मला नंतर सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. ते मला पाठ आहे, आणि ते पाठ असल्याचा काही उपयोग नाही.

एक्क्याऐंशीची भाऊबीज. ती यावेळी एकटी आली, पोरी सासूपाशी ठेवून. मी नाशिक रस्त्यावर एसटीपाशी उभा होतो. एसटीतून सात-आठ माणसं उतरली, गाडी सुटली आणि मी म्हणालो, आली नाही वाटतं. तर समोरून हाक आली, "दादा, ओळख इसरला का काय?" ती माझ्यापासून चार हातांवर उभी होती. मी तिला बघितलं होतं. मी तिला दुसरंच कुणी समजलो होतो. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून तिनं त्यांत रुमाल बांधला होता, गळून पडू नयेत म्हणून.

"बारीक झालीस."

"सासू खायाला देत न्हाई," ती हसली. "आरं, मूळव्याध झालीय. वैदू पूड देतो. सुरण खायाला सांगितलंय."

नाशिक रस्त्यावरून ट्रक जात होते. तिची पिशवी मी घेतली आणि पुढं चालायला लागलो, कारण माझं तोंड तिला दिसू नये. मूळव्याध. सुरण. बापाच्या तोंडून ऐकलं होतं, थोरल्याच्या तोंडून ऐकलं होतं. त्याच चालीत, असंच हसत.

घरी पोचल्यावर तासाभरात ती दोनदा तांब्या घेऊन मागच्या बाजूला गेली. आई चौकटीत उभी राहून तिच्या पाठीकडं बघत होती. नंतर मी गोठ्यात वैरण टाकत होतो, तिथं बायको आली. आत येऊन दार लोटलं.

"तुमच्या बहिनीचं परकर धुवायला घेतलं तर ती माझ्या हातातनं वढून घेती. रगात हाय त्याला. पाळीचं न्हाई, मला कळतं. वरीस झालं म्हनती. नवऱ्याला बी सांगितलं न्हाई."

मी वैरण पुढं करत राहिलो.

"आवं, मी तुमच्याशी बोलती."

"ऐकतोय."

"मग बोला की काय तरी. त्या डॉक्टरीनबाईला हिचं नाव का सांगितलं न्हाईसा? मी तवा गप बसले, म्हनलं भाऊबहिनीचं हाय. फौंड्रीत एक नग फुटला तर समदी हीट बाजूला काढता म्हनून गावभर मिरवता. गाडी फाट्यावरनं माघारी आनली! आन हितं? हितलं लोखंड येगळं हुतं व्हय?"

माझ्या बायकोवर मी कधी हात उचलला नाही. त्या दिवशी उचलला असता तर ती मागं सरली नसती. तिनं दार उघडलं आणि गेली. बैल वैरण खात होता, मी त्याच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहिलो. त्याला बहुतेक जड झालं असेल, त्यानं अंग झटकलं.

दिवेलागणीला ओवाळणी झाली. पाट मांडला, रांगोळी घातली. मी टोपी घालून बसलो. तिनं तबक उचललं, तर ते तिला पेलेना. आईनं खालून हात लावला. दोघींनी मिळून मला ओवाळलं. कुंकू लावताना तिचं बोट माझ्या कपाळाला टेकलं, ते गार होतं. आणि ती म्हणाली, जसं दरवर्षी म्हणते, "माजं बी आयुष्य माज्या भावाला लागू दे."

आजवर ते मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी मी तिचा हात धरला. तबकातलं निरांजन कलंडलं, आईनं ते सावरलं.

"असं म्हनू नगंस."

"का रं? दरसाल म्हनती की."

मी तिथंच, पाटावर बसल्या बसल्या, सगळं सांगितलं. बापाचं, चुलत्याचं. थोरल्याचं तिला अर्धं माहीत होतं, बाकीचं सांगितलं. कागद कसा होता ते सांगितलं, चौकोन आणि गोल. मला तपासून स्वच्छ ठरवलं ते सांगितलं. आणि बाईंनी बहिणी किती विचारल्यावर मी काय म्हणालो ते सांगितलं. आवाज चढवला नाही, खाली पण आणला नाही. जसं नग वाजवून सांगतो तसं.

ती ऐकत होती. निरांजनातलं तूप संपत आलं होतं आणि वात चरचरत होती.

"म्हंजी मी न्हाईच," ती शेवटी म्हणाली.

"मला वाटलं, दिली म्हनल्यावर..."

"तुला वाटलं." तिनं तबक खाली ठेवलं. "आन माज्या पोरी? थोरली तेरा वर्साची हाय."

तेरा वर्षं. बाई म्हणाल्या होत्या, तेरा-चौदाव्या वर्षापासून. माझ्या तोंडाकडं बघून तिला जे कळायचं ते कळलं.

"उद्या पुण्याला जाऊ," मी म्हणालो. "तू आन मी. तुज्या सासरी काय कळू देत न्हाई. म्हनतो, चार दिस आईपाशी ठेवून घेतली."

"आन पोरींना काय म्हनून नेशील? जत्रा दाखवतो म्हनून?" पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "सासूनं हो म्हनल्याबिगर त्या पोरी उंबरा वलांडायच्या न्हाईत. आन मी सांगितलं तर ती म्हनंल, म्हायेरी जाऊन शिकून आली, काम नगं म्हनून नाटकं करती. मला न्हाई सांगायचं. भंडारा तू उचलला हुतास, दादा. मी न्हाई."

आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिच्या खांद्यावरून दिसत होतं की ती रडत नव्हती. ती वाट बघत होती. पंधरा वर्षं तीही भंडाऱ्याच्या त्या वाटीसारखीच गप्प राहिली होती.

"सासूनं काढून दिलं तर?" मी विचारलं. हे मी बहिणीला विचारलं की स्वतःला, सांगता येत नाही.

"काढून दिलं तर हितं यीन. दोन भाकरी जड हायेत का तुला?"

"तसं न्हाई..."

"मग कसं? आरं, मोठं माणूस तू. साहेबाला बोलतोस. माज्या सासूला भ्यालास?"

असं माझ्याशी माझ्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. पण ती बोलता बोलता पोट धरून खाली बसली, आणि बायकोनं तिला आत नेलं. मी पाटावरच राहिलो. रांगोळी माझ्या पायानं पुसली गेली होती.

त्या साली आलेलं डॉक्टरीणबाईंचं कार्ड देव्हाऱ्यामागं खोचलेलं होतं, अजून उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी ते काढलं, जोडकार्डाचा उत्तरासाठीचा कोरा भाग फाडून घेतला आणि दिव्यापाशी बसून लिहिलं. एक बहीण आहे. वय बत्तीस. तिला दोन मुली. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. पत्ता लिहिताना चाकणच्या पुढच्या त्या गावाचं नाव आईनं दोनदा वाचायला लावलं, बरोबर आहे का बघायला. आईला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो. कंपनीत निरोप धाडला नाही. एकोणीस वर्षांत न सांगता केलेला माझा पहिला खाडा. देवघरातल्या वाटीतला भंडारा एका कागदात बांधून खिशात घातला. बहीण ओसरीवर घोंगडी पांघरून बसली होती.  रस्त्यावरच्या पेटीत कार्ड टाकलं आणि नाशिककडं जाणारी पहिली एसटी धरली. चाकणला उतरून तीन मैल चाललो. कांद्याच्या रोपांना पाणी चाललं होतं, पाटाच्या कडेनं माणसं रामराम करत होती आणि मीही करत होतो.

अंगणात थोरली भाची झाडत होती. मला बघून तिनं झाडू टाकला आणि ओरडली, "आजी, मामा आला!" तिची मान आमच्या थोरल्यासारखी, जरा डावीकडं कललेली. हे मला आजवर दिसलं नव्हतं.

विहीणबाई बाहेर आली, हात पदराला पुसत. "या की, आज कसं काय येणं केलं? सून कुठं हाय? आत या, च्या टाकते."

मी वहाणा काढल्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिलो, खिशातली पुडी काढून उघडली, भंडारा तळहातावर घेतला आणि म्हणालो, "च्या मागनं. आधी हितं उभ्या राहून ऐका. माजा बाप पटकीनं मेला न्हाई."